मारिनुसचा कोठा

"गुरुवारी मी जाणार नाही," मारिनुस म्हणाला आणि कॉफी ढवळायला लागला.

त्याच्या बायकोने, नेलाने, बिस्किटांच्या डब्याचं झाकण लावलं. एकाला एक बिस्कीट, मग झाकण. आमच्या झीलंड प्रांतात सकाळच्या कॉफीला दुसऱ्या बिस्किटाकडे हात नेणारा माणूस परगावचाच असतो.

"कुठे जाणार नाहीस?"

"हॉस्पिटलात. सलाइनला. तू फोन करून कळवून टाक."

नेला त्याच्याकडे बघतच राहिली. वसंतात मारिनुसच्या मानेत आणि काखेत गाठी आल्या होत्या. लिम्फोमा नावाचा कॅन्सर निघाला, पण शहरातल्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की हा बरा होण्यातला आहे, नेटाने उपचार घ्या. दर तीन आठवड्यांनी गुरुवारी केमोचं सलाइन. त्यातली निम्मी पार पडली होती आणि मधल्या तपासणीत गाठी चांगल्याच आटल्या होत्या. आणि हा बाबा म्हणतो, जाणार नाही!

"का?"

"का म्हणजे? नाही जाणार. डॉक्टर वीसेंना मी फोन केलाय. उद्या येतायत. शेवटाचं बोलून घेऊ."

शेवटाचं म्हणजे काय हे आमच्या देशात कोणाला सांगावं लागत नाही. माणसाला सोसवेना झालं की तो गावच्या डॉक्टरांना बोलावतो आणि मरणाचं सरळ बोलतो, छप्पर गळतंय म्हणून सुताराशी बोलावं तसं. डॉक्टरने सुई देऊन सोडवणं आमच्या कायद्यात बसतं. मारिनुसने तर मयताला आलेल्या लोकांना केक द्यायचा की गूळचट बोलुस-पाव, तेही मनात ठरवलं होतं. ते त्याने सांगितलं तेव्हा नेलाचा पारा चढला.

"पाव! पावापर्यंत पोचलास तू! आणि मला आत्ता सांगतोयस? मी कोण इथली, तुझ्या बोटीवरची भांडी घासणारी?"

"तुला सांगतोच आहे ना."

"डॉक्टरनंतर!"

मारिनुसने कप खाली ठेवला आणि खिडकीतून बंदराकडे बघत बसला. हा माणूस चाळीसेक वर्षं काळ्या शिंपल्यांच्या बोटीवर तांडेल होता. खाडीत शिंपल्यांचे पट्टे पेरायचे, वाढले की जाळीने ओढून काढायचे. त्या कामात बोलावं लागत नाही, आणि ती सवय त्याने घरीही आणली होती.

खरं म्हणजे आता कुठे दिवस सुधारले होते. पहिलं सलाइन झालं तेव्हा मात्र त्याचे हाल कुत्रा खाईना. वादळात बोटीवरची पोरं कठड्याला लटकून ओकायची तेव्हा हा शेजारी उभा राहून लोणी लावलेला पाव खायचा; तोच मारिनुस बादली पोटाशी धरून बसला. त्याला उलटीपेक्षा लाजच जास्त वाटली. "समुद्रात कधी नाही आणि आता खुर्चीत बसून," असं म्हणायचा. मग दुसऱ्या वेळी हॉस्पिटलने मळमळीच्या नव्या गोळ्या दिल्या. गोळी कसली, जादूच! सलाइन चढवून घरी आला आणि रात्री चक्क बटाटे खाल्ले. नेलाला त्या गोळ्या बनवणाऱ्याचे हात हातात घ्यावेसे वाटले.

गोळ्या देताना तिथल्या नर्सने सांगितलं होतं, पहिले दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ, मग लागली तरच. आता आमच्याकडे 'लागली तरच' असं काही नसतं. ताटात वाढलेलं संपवायचं, उसवलेलं शिवून टाकायचं, आणि गोळ्यांची डबी उघडली की तळ दिसेपर्यंत घ्यायची. लहानपणी घसा धरला की डॉक्टर दम द्यायचे, औषध अर्धवट टाकलंत तर दुखणं दुप्पट होऊन येईल. ते आमच्या हाडीमाशी खिळलंय. नेलाने डबी संपवली. मग दुसरी आणली, तीही इमानदारीने चालू ठेवली. रोज सकाळी पावाशेजारी एक गोळी, संध्याकाळी सूपशेजारी एक.

त्या गोळ्यांबरोबर औषधाच्या दुकानातली मुलगी एक खोकंही देत होती. पोट साफ राहायची पूड, पाण्यात घालून रोज प्यायची. मारिनुसने खोकं काउंटरवरून परत सरकवलं. "मला ती तक्रार नाही. ज्याला आहे त्याला द्या," म्हणाला. त्या दिवशी ते खरंही होतं.

नेलाने ताकदीसाठी आपल्या मनाने आणखी एक सुरू केलं होतं. दह्यात गव्हाचा कोंडा आणि जवस, वाटीभर. तिची आई बाळंतिणींना द्यायची तेच. मारिनुस निमूट खायचा. पाणी मात्र पीत नसे. त्याला पाण्याला पत्र्याची चव लागायची. दोन कप कॉफी, तेवढंच ओलं. आणि गेल्या पंधरवड्यात त्याने कमरेचा पट्टा एक भोक सैल केला तेव्हा नेलाला कोण आनंद झाला! पोट धरतंय, अंगी लागतंय, असं तिने शेजारच्या घरी जाऊन सांगितलंसुद्धा.

आणि आता हे.

रागावली की नेला घासायला घेते. उद्या डॉक्टर येणार, घर झाडायला निमित्तही होतं. तिने जिना पुसला, काचा पुसल्या, आणि दुपारी जेवण आटोपल्यावर बादली घेऊन संडासात शिरली.

आमच्या जुन्या घरांतल्या संडासांच्या भांड्याला आतून कट्टा असतो. जे पडेल ते आधी कट्ट्यावर बसतं, माणूस वळून बघतो, प्रकृतीचा अंदाज घेतो आणि मग पाणी सोडतो. परगावच्या लोकांना किळस येते. येऊ दे. पण त्या कट्ट्यापायी मागाहून ब्रश फिरवावा लागतो, आणि मारिनुसने तो उभ्या जन्मात फिरवला नव्हता. लग्न झाल्यापासून नेला त्याच्यामागून ब्रश फिरवत होती आणि लग्न झाल्यापासून त्यावरून त्याला बोल लावत होती.

तिने सवयीने तोंड उघडलं, आणि उघडंच राहिलं. कट्टा लख्ख होता. ब्रश कोरडा ठणठणीत. तिने आठवून बघितलं. या आठवड्यात तिने त्याच्यावर या बाबतीत एकदाही तोंड सोडलं नव्हतं. त्याच्या आधीच्या आठवड्यात? त्यातही नाही. आणि तिला वाटत होतं, दुखण्याने माणूस सुधारला!

ती बादली तिथेच टाकून बाहेर आली. मारिनुस खिडकीशी दुर्बीण घेऊन बसला होता.

"मारिनुस, तू शेवटचा कधी गेला होतास?"

"कुठे? हॉस्पिटलात तूच होतीस ना बरोबर."

"हॉस्पिटलात नव्हे. संडासात."

"काय नेला! भर दुपारी काय हे?"

"भर दुपारीच सांग. ब्रश वाळून खडखडीत झालाय."

"खाल्लं नाही तर येणार काय?"

"खाल्लं नाही? मग रोजचा वाटीभर कोंडा काय मांजर खातं?"

मारिनुसने दुर्बीण खाली ठेवली. मग त्याने सदऱ्याची खालची बटणं काढली आणि तिचा हात धरून पोटावर ठेवला. बोटीच्या तळाच्या फळीवर हात ठेवावा तसं लागलं ते, टणक आणि ताणलेलं. याच पोटाचं कौतुक ती शेजारी करून आली होती.

"बाबांचं असंच झालं होतं," मारिनुस म्हणाला. "तू तेव्हा नव्हतीस. त्यांना आतड्यात होता. आधी खाणं सुटलं, मग पोट फुगलं, मग काही होईना. दोन महिन्यांत गेले. शेवटी शेवटी ओरडायचे नेला, आमचे बाबा, ज्यांनी मोडलेला हात बांधून जाळं ओढलं, ते ओरडायचे. हे माझं तिथेच पोचलंय. मानेतून पोटात. मग कशाला उगाच सलाइन?"

"आणि हे तू एकट्याने ठरवलंस?"

"कळतं माणसाला."

"डोंबल कळतं! ती नर्स प्रत्येक वेळी विचारते, पोट साफ होतं का, मी शेजारी बसलेली असते, आणि तू म्हणतोस, सगळं उत्तम!"

"तरुण पोरगी आहे ती. तिच्यासमोर काय सांगायचं?"

"मरायचं बोलायला लाज नाही आणि हगायचं बोलायला लाज!" नेला ओरडली, आणि ओरडता ओरडताच तिला रडू फुटलं. तिने डोळे पुसले आणि फोन उचलला. उद्याची वाट बघायला ती काही तांडेल नव्हती.

डॉक्टर वीसे तासाभरात आल्या. पन्नाशीच्या, उंच, सायकलवरून येणाऱ्या बाई. आमच्या गावात त्यांना वीसेक वर्षं झाली असतील, तरी माणसं अजून त्यांना नवीन डॉक्टर म्हणतात. त्यांनी मारिनुसला कोचावर आडवं केलं, पोट दाबून बघितलं, नळी लावून ऐकलं.

"वारा सरतो का?"

मारिनुस छताकडे बघायला लागला.

"सरतो," नेला म्हणाली. "त्याची साक्ष मी देते."

"उलटी?"

"नाही. त्या गोळ्या आहेत ना, रोज दोन."

"रोज?" डॉक्टर थांबल्या. "अजून? सलाइनला तर आता तीन आठवडे होत आले."

"डबी संपवायची असते ना?" नेला म्हणाली.

डॉक्टरांनी खुर्ची ओढली. "ऐका. आपल्या शरीरात सेरोटोनिन नावाचा एक निरोप्या आहे. सलाइनमधलं औषध आत गेलं की आतड्यात तो ढिगाने सुटतो आणि मेंदूकडे निरोप धाडतो, विष आलंय, ओकून टाका. ही गोळी त्याला दारातच अडवते, म्हणून तुमची उलटी थांबली. पण तोच निरोप्या आतड्यांनाही सांगत असतो, की चला, माल पुढे ढकला. गोळीला दोन निरोपांतला फरक कळत नाही. ती दोन्ही अडवते. मग आतडी सुस्त पडतात, आतला मळ रेंगाळतो, त्यातलं पाणी शोषलं जातं आणि त्याचा दगड होतो. सलाइनमधलंही एक औषध आतड्यांना सुस्त करतं. त्यात तुम्ही पाणी पीत नाही."

"आणि कोंडा?" नेलाने घाबरतच विचारलं. "मी रोज कोंडा आणि जवस देत होते. त्याने तर साफ होतं."

"पाणी पिणाऱ्याचं होतं, आतडी चालत असतील तर. इथे रस्ता बंद आणि मागून गाड्या सोडल्यासारखं झालं."

"म्हणजे हे मी केलं?"

"हो," डॉक्टर म्हणाल्या. "थोडं तुम्ही, थोडं मारिनुसनी. आणि थोडं मीही. मागच्या वेळी आले तेव्हा मी उलटीचंच विचारत बसले, पोटाचं विचारलंच नाही."

चांगल्यासाठी करावं आणि माणूस मरायला निघावा! नेलाने आपल्या हाताने वाटी भरली होती, वर चमच्याने खरवडून दिली होती. तिला स्वतःचा इतका राग आला की तो मारिनुसवरच काढावासा वाटला.

मारिनुस मात्र उठून बसला होता. "आणि हे कॅन्सरचं नाही, हे कशावरून?"

"आत्ता शपथेवर नाही सांगणार," डॉक्टर म्हणाल्या. "आधी मोकळं होऊ दे. मग पोट हाताला कसं लागतं ते सांगते. नाही झालं, किंवा उलट्या सुरू झाल्या, तर आजच्या आज हॉस्पिटलात जायचं आणि पोटाचा फोटो काढायचा."

त्यांनी शहरात फोन लावून विचारलं, कालच्या रक्तात पांढऱ्या पेशी सावरल्यात का. कमी असल्या तर खालून काही करणं धोक्याचं असतं. सावरल्या होत्या. मग त्यांनी नेलाला टॉवेल आणि कोमट पाणी आणायला सांगितलं आणि हातमोजे चढवले.

मारिनुसने डोळे मिटून घेतले. "अरे देवा," म्हणाला.

एनिमा देऊन झाला आणि तो भिंत धरत संडासात गेला. नेला आणि डॉक्टर स्वयंपाकघरात बसल्या. पहिल्यांदा काहीच नाही. मग कण्हणं. मग मारिनुसच्या तोंडून एक शिवी आली, बोटीवरची, जी नेलाने घरात कधी ऐकली नव्हती. ती उठायला लागली तेव्हा डॉक्टरांनी तिचा हात दाबून तिला बसवलं. मग जे झालं त्याचं वर्णन नको; शेजारचं कुत्रं भुंकलं, एवढं सांगितलं तरी पुरे. एकदा नव्हे, थांबून थांबून बराच वेळ. पाणी सुटल्याचा आवाज आला, पुन्हा आला, आणि मग मारिनुसचा आवाज आला.

"नेला, ब्रश कसा धरतात गं?"

नेला हसली, आणि हसणं थांबेना म्हणून तिने ॲप्रन तोंडात कोंबला.

तो बाहेर आला तेव्हा पांढराफटक पडला होता. डॉक्टरांनी पुन्हा पोट तपासलं, सावकाश, सगळीकडून. मऊ लागत होतं. "गाठबीठ काही हाताला लागत नाही. जे फुगलं होतं ते उतरलं," त्या म्हणाल्या. "पोट साफ करायची पूड मिळते, राहिलेलं ती काढील. पुढच्या वेळी गोळी पहिले दोन-तीन दिवसच, मग बंद, डबीत कितीही उरू दे. पूड रोज. कोंड्याला सुट्टी. पाणी नको वाटलं तर लिंबू पिळा, सरबत करा, पण पोटात गेलं पाहिजे." मग बॅग आवरता आवरता म्हणाल्या, "तुम्हाला शेवटाचं बोलायचं होतं ना?"

मारिनुसने सदऱ्याची बटणं लावली.

"खरं सांगू का डॉक्टर? पोटात उतरलं असं वाटलं ना, तेव्हा एका परीने बरंही वाटलं होतं. सुटलो, असं. थकलोय मी. अजून तीनदा ते सलाइन, अजून तीनदा तीच खुर्ची. आता पोट मोकळं झालं, पण थकवा तिथेच आहे."

नेलाच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. तिला वाटलं होतं, अडलेलं निघालं, प्रश्न मिटला.

"निर्णय तुमचाच आहे," डॉक्टर म्हणाल्या. "उद्याही, गुरुवारीही. पण तुंबलेल्या पोटाने केलेला विचार मी धरत नाही. चार दिवस मोकळ्या पोटाने करा. मग जे म्हणाल ते ऐकून घेईन."

हॉस्पिटलला 'येत नाही' म्हणून फोन करायचा विषय कोणी काढला नाही. त्या दिवसांत नेला घरात दबकून वावरली. हे तिच्या स्वभावात नाही. तोंड आवरणं तिला भूक आवरण्यापेक्षा जड जातं. सकाळी ती पूड पाण्यात ढवळून त्याच्यासमोर ठेवायची, दुपारी दोघं समुद्राच्या बांधावरून चालत बंदरापर्यंत जाऊन यायची, आणि तो पावलं मोजल्यासारखा खाली बघत चालायचा. गोळ्यांची अर्धी डबी तिने कपाटात ठेवून दिली. अर्धी डबी अशी कपाटात ठेवून देणं तिच्या जिवावर आलं, पण दिली. शेजारणीने विचारलं, काय म्हणतोय मारिनुस? तर ती म्हणाली, "बरा आहे," आणि दार लावून घेतलं. पोटाचं कौतुक करून एकदा तोंडघशी पडली होती ती.

एकदाच तिचा बांध फुटला. बुधवारी, बांधावर. "मी तुला 'जा' म्हणणार नाही," ती म्हणाली. "माझ्या कोंड्याने तू जवळजवळ गेलाच होतास, तेव्हा मला शहाणपण शिकवायचा हक्क नाही. पण मला तू हवा आहेस, मारिनुस. ओकणारा असलास तरी आणि तुंबलेला असलास तरी. एवढंच सांगायचं होतं."

मारिनुसने नाक शिंकरलं. "वारा फार आहे आज," म्हणाला. आणि घराकडे वळला.

गुरुवारी सकाळी तो उठला, दाढी केली, पूड घेतली, पावाचा तुकडा खाल्ला. कोट घातला नाही. बूट घातले नाहीत. नेलाने विचारलं नाही. तिने हॉस्पिटलची पिशवी रात्रीच भरून जिन्याखाली लपवून ठेवली होती, त्याला दिसली तर दबाव वाटेल म्हणून. मग तो उठला आणि संडासात गेला आणि कडी लावली.

बाहेर टॅक्सी आली. हॉस्पिटलची टॅक्सी वेळेवर येते आणि वाट बघत नाही. उशीर झाला की पुढच्या पेशंटकडे जाते. चालकाने एकदा हॉर्न वाजवला. नेला संडासाच्या दाराबाहेर उभी राहिली. तिला दार वाजवायचा धीर होईना, आणि न वाजवायचाही होईना. दुसरा हॉर्न आला.

"मारिनुस," ती दाराला तोंड लावून म्हणाली, "गाडी आलीय. त्याला परत पाठवू का?"

आतून काही आवाज नाही. नेलाने कपाळ दाराला टेकलं. परत पाठवायचं तर काय सांगायचं चालकाला, हे ती मनात जुळवायला लागली, आणि शब्द जुळेनात.

"नको," आतून मारिनुस म्हणाला. दम लागलेला होता. "थांब म्हण त्याला. होतंय."

नेला चपला न घालता रस्त्यावर धावली. चालकाने काच खाली केली. "येतोय!" ती ओरडली, समोरच्या घरातल्या बायका पडद्याआडून बघत होत्या तरी. "संडासात बसलाय, होतंय त्याला, थांबा!"

चालकाने इंजिन बंद केलं.